एलायझाचे दोन विषय : महाविद्यालयीन इंग्रजी संभाषणाविषयी काही आक्षेप

इंग्रजी संभाषण कौशल्याचा अभ्यासक्रम या ना त्या नावाने चालवीत नाही असे महाविद्यालय आज महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. कोठे तो प्रमाणपत्राच्या रूपात असतो, कोठे व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळेत, तर कोठे नोकरी मार्गदर्शन कक्षाच्या आश्रयाने. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या आराखड्यात भाषांच्या अभ्यासाला 'क्षमतावर्धन' म्हणून श्रेयांकही मिळाले आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यास 'प्रगत' असे विशेषण लावण्याचीही पद्धत आहे. या साऱ्या खटाटोपाविषयी आमचा मूळ आक्षेप एका वाक्यात सांगता येईल. येथे संभाषण शिकविले जात नाही. पाठांतर करवून घेतले जाते आणि त्याला संभाषण म्हटले जाते. ज्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या कल्याणासाठी हे सारे चालते, त्याची या वर्गातून बाहेर पडताना एकच खात्री झालेली असते, की आपल्याला बोलता येत नाही.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. इंग्रजी विभागाच्या अंगणात डोकावण्याची आम्हांस हौस नाही. परंतु विद्यार्थी एकच आहे. दहा वाजता तो आमच्यापुढे बसतो आणि अकरा वाजता शेजारच्या वर्गात इंग्रजीपुढे. एका तासाला जो मित्रांच्या घोळक्यात तावातावाने वाद घालताना दिसला, तोच पुढच्या तासाला 'मायसेल्फ' या शब्दापाशी येऊन थबकतो. त्याचे बोलणे दोन्ही तासांच्या मधल्या व्हरांड्यात कोठे नाहीसे होते, हे विचारण्याचा अधिकार त्याला बोलताना ऐकलेल्या प्रत्येकाला आहे.

साहित्याच्या वाचकांना परिचित असलेल्या एका नाटकापासून आरंभ करू. बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याची 'ती फुलराणी' केली, तेव्हा लंडनच्या फूलविक्या मुलीचा प्रश्न मराठीतल्या शुद्ध-अशुद्धाचा, म्हणजेच वर्गवर्णाचा, प्रश्न होऊन आपल्या घरात आला. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात हिगिन्स आपल्या शिष्येला आईच्या दिवाणखान्यात परीक्षेसाठी आणतो. तिने दोनच विषयांवर बोलावे अशी त्याची ताकीद असते : हवामान आणि प्रकृतीची विचारपूस. एलायझाचे उच्चार आता निर्दोष झालेले आहेत. हवामानावर ती वेधशाळेच्या पत्रकासारखे एक वाक्य बोलते. त्यात व्याकरणाची चूक नाही आणि माणसाचा मागमूसही नाही. मग विषय इन्फ्लुएंझाकडे वळतो आणि ती आपल्या मावशीच्या मृत्यूची हकीकत सांगू लागते. मावशीला कोणी तरी मारले असावे असा तिचा संशय आहे. तेथे तिची भाषा घसरते, पण दिवाणखान्यातला प्रत्येक जण प्रथमच कान देऊन ऐकू लागतो. उच्चार साधले, मजकुराचे काय, हा प्रश्न हिगिन्सलाही तेथे पडतो.

आमच्या महाविद्यालयांतील संभाषणाचे वर्ग या अंकाच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबलेले आहेत. विद्यार्थ्याला हवामान आणि प्रकृती हेच दोन विषय दिले जातात. नावे मात्र बदललेली असतात. स्वतःची ओळख करून द्या. तुमची बलस्थाने आणि उणिवा सांगा. पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कोठे पाहता? या प्रश्नांची उत्तरे छापील मिळतात, पाठ होतात आणि घडाघडा म्हटली जातात. ज्या मुलाच्या घरी गेल्या वर्षी सोयाबीनचे पीक हातचे गेले, जो पहाटेची एस. टी. पकडून दोन तासांनी महाविद्यालयात पोहोचतो, तोही 'माझी उणीव म्हणजे मी अतिशय परिपूर्णतावादी आहे' असे इंग्रजीत सांगतो. ते त्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही माणसाविषयी खरे नसते. त्याची 'मावशी' वर्गाबाहेर ठेवण्यात आलेली असते.

परीक्षेकडे पाहिले तर हा प्रकार अधिकच स्पष्ट होतो. संभाषणाची परीक्षा आम्ही लेखी घेतो! रेल्वे स्थानकावरील चौकशी खिडकीतला कारकून आणि प्रवासी यांच्यातील संवाद लिहा, दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील संवाद लिहा, संप्रेषणातील अडथळे सोदाहरण स्पष्ट करा. उत्तरपत्रिकेत दोन्ही बाजू एकच विद्यार्थी लिहितो. ज्या उक्तीला उत्तर कोणते येईल हे आधीच ठाऊक आहे, ती संभाषणातील उक्ती नव्हे. पोहण्याची परीक्षा पाण्याच्या गुणधर्मांवर टीप लिहवून घ्यावी, असाच हा प्रकार आहे.

तोंडी परीक्षेची जागा गटचर्चेने घेतली आहे. तेथे आठ-दहा मुलांना वर्तुळात बसवून 'समाजमाध्यमे : शाप की वरदान' असा विषय दिला जातो, आणि परीक्षक कोणी किती वेळा तोंड उघडले याच्या खुणा करतो. समोरच्याचे बोलणे ऐकून आपले मत बदलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. जो ऐकतो तो हरतो, हा धडा यातून उत्तम रीतीने शिकविला जातो. दूरचित्रवाणीवरील चर्चा पाहता या शिक्षणाला बाहेर मागणी नाही असे मात्र म्हणवत नाही.

आता संभाषण म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. ज्या कल्पनेच्या नावावर हे अभ्यासक्रम चालतात, ती संप्रेषणक्षमतेची कल्पना डेल हाइम्स या अभ्यासकाने मांडली. त्याचा त्या नावाचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे हा भाषेच्या ज्ञानाचा एक भाग आहे. केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे, कोणाशी, कशाविषयी, कोणत्या रीतीने बोलावे, हे जाणणे हाही त्याच ज्ञानाचा भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये साध्या गप्पांचे सूक्ष्म विश्लेषण करून दाखविले, की बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याचे नियम असतात, आणि बोलणारे ते नियम क्षणोक्षणी मिळून पाळत असतात. २००९ साली दहा भाषांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळले.

या एका आकड्याचा अर्थ अध्यापकांनी नीट ध्यानात घ्यावा. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मराठी वाक्य मनात रचून, त्याचे इंग्रजी करून, काळ आणि वचन तपासून ते उच्चारणे अशक्य आहे. तर्खडकरी भाषांतर पाठमालांनी आपल्या अनेक पिढ्यांना इंग्रजी वाचावयास आणि लिहावयास शिकविले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण संभाषणात भाषांतर करणारा मनुष्य आपली पाळी गमावतो. त्याचे वाक्य तयार होते तेव्हा विषय पुढे गेलेला असतो. हा विद्यार्थी मंद आहे असे आम्ही समजतो. वस्तुतः तो एकाच वेळी दोन कामे करीत असतो. त्याला हवी असतात पाळी धरून ठेवण्याची, वेळ मागून घेण्याची, अर्धवट वाक्य सावरण्याची साधने. प्रगत संभाषण म्हणजे जड शब्द नव्हेत. मध्येच बोलता येणे, मतभेद नोंदविता येणे, न कळलेले पुन्हा विचारता येणे, बोललेले मागे घेता येणे, थट्टा करता येणे आणि थट्टा ओळखता येणे, हे प्रगत संभाषण होय.

आणि नेमकी हीच साधने आमच्या विद्यार्थ्यापाशी मराठीत विपुल असतात. अध्यापक-कक्षाच्या दारात उभा राहून तो म्हणतो, "सर, जरा वेळ आहे का?" या चार-पाच शब्दांत किती कौशल्य आहे पाहा. संबोधन आहे, 'जरा'ने केलेले आर्जव आहे, आणि काम थेट न सांगता केवळ वेळेची चौकशी आहे, जेणेकरून समोरच्याला नकार देणेही सोपे जावे. तोच विद्यार्थी इंग्रजीत "सर, आय वॉन्ट टू मीट यू" असे म्हणतो आणि उद्धट ठरतो. "हॅव यू गॉट अ मिनिट?" हे त्याच्याच मराठी वाक्याचे इंग्रजी रूप आहे, चाल तीच, वळण तेच. परंतु हे कोणी त्याला दाखविलेले नसते. त्याऐवजी "प्रत्येक वाक्यात 'प्लीज' घाला" असा नियम दिला जातो.

"तुमचं बरोबर आहे हो, पण..." असे म्हणून वडीलधाऱ्यांशी मतभेद व्यक्त करण्याची कला ज्याला घरात अवगत झाली, त्याला "आय टेक युअर पॉइंट, बट" हे समजण्यास अर्धा तासही लागू नये. "म्हणजे असं की", "काय म्हणतात ते" या पालुपदांनी तो मराठीत पाळी धरून ठेवतो; "व्हॉट आय मीन इज" हे त्याचेच भावंड आहे. उलट जेथे दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात, तेथे खरे शिकविण्याचे काम आहे. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतून मराठी जो आदर सर्वनामावर लादते, तो इंग्रजीत 'कुड' आणि 'वुड' यांच्या दुरून जाणाऱ्या वाक्यरचनेवर येतो. हे न सांगितल्यामुळे विद्यार्थी 'तुम्ही'चे सारे ओझे 'सर' या एका शब्दावर टाकतो आणि प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावतो. "तू काल आला नाहीस?" या प्रश्नाला मराठीत "हो, नाही आलो" हे स्वाभाविक उत्तर आहे, म्हणून तो इंग्रजीत "येस, आय डिडन्ट कम" असे म्हणतो. त्याच्यावर हसणाऱ्याने निदान दोन्ही भाषांतील होकार-नकाराची रीत निराळी आहे एवढे जाणून हसावे.

'वर्गात मराठीचा एकही शब्द नको' या नियमावर आमचा रोख का, हे यावरून कळावे. हा नियम विद्यार्थ्याला त्याच्या एकमेव भांडवलासह दाराबाहेर उभे करतो. इंग्रजी बोलण्याचा सराव इंग्रजीतच व्हावा, यात वाद नाही. पण बोलण्याची जाण मराठीतून आलेली आहे, तिची तुलना करावयाची तर तिचे नाव घ्यावेच लागेल. मराठीचे अध्यापक या कामात उपयोगी पडू शकतात, ही शक्यता कोणत्याही अभ्यासमंडळाच्या मनात येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते.

याहूनही खोल एक कारण आहे आणि ते भाषेचे नाही. आपल्या वर्गांत विद्यार्थ्याने बोलणे हीच मुळात अनियमितता आहे. १२० विद्यार्थ्यांची तुकडी आणि ४८ मिनिटांचा तास असा हिशेब मांडला, आणि अध्यापकाने तासभर मौन पाळले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. बालवाडीपासून पदवीपर्यंत 'गप्प बसा' ही एकच आज्ञा ज्याने सर्व विषयांच्या तासांना ऐकली, त्याच्याकडून अखेरच्या वर्षी एकाएकी धीटपणे बोलण्याची अपेक्षा केली जाते, आणि तीही परक्या भाषेत. मराठीचा तास या दोषापासून मुक्त आहे असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा. कवितेवर स्वतःचे मत सांगणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा मार्गदर्शिकेतील रसग्रहण उतरविणाऱ्याला अधिक गुण देणारी परीक्षापद्धती मराठीचीही आहे. ज्याचे मत मातृभाषेत कोणी विचारले नाही, त्याच्यापाशी इंग्रजीत मांडावयास मत कोठून येणार?

इतिहासात याचे उलट उदाहरण आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक-विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तेथे तरुण मंडळी इंग्रजीत निबंध वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत. त्याच चळवळीतून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि तोच ऊहापोह देशी भाषांत सुरू झाला. १८४९ मध्ये याच मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्याही आधी, १८३२ साली, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापीत होते. ही मूठभरांची, बहुतांशी वरच्या जातींची दुनिया होती, हे विसरून तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण त्यांच्या इंग्रजीला धार आली ती उच्चारांच्या तालमीने नव्हे. वाद घालावा असे विषय त्यांच्यापुढे होते, आणि तो वाद त्यांना दोन भाषांत घालावयाचा होता.

हे जुने झाले म्हणावे, तर अलीकडचेही उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील सामान्य शाळांत, मोठ्या वर्गांत, बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जाणारा प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवरील कृती दिल्या गेल्या. अर्थ लावण्यात मन गुंतले की भाषा आपोआप आत्मसात होत जाते, असा त्यामागील विचार. आज जगभर ज्याला कृतिकेंद्रित भाषाशिक्षण म्हणतात, त्याच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे. प्रभूंनी कृतींचे तीन प्रकार सांगितले : माहितीतील अंतर, तर्कातील अंतर आणि मतांतील अंतर भरून काढणाऱ्या कृती. शाळकरी वयासाठी त्यांचा कल दुसऱ्या प्रकाराकडे होता. महाविद्यालयीन वयाला तिसरा प्रकार साजेसा आहे, असे आम्हांस वाटते. गावाच्या पाणीवाटपावर, वसतिगृहाच्या नियमांवर, हुंड्यावर, आरक्षणावर या मुलांची मते परस्परविरोधी असतात आणि ती जिवंत असतात. तीच आम्ही 'वादग्रस्त' म्हणून वर्ज्य करतो आणि त्यांच्या जागी समाजमाध्यमांचा शाप-वरदान घेऊन बसतो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला व्यवहारवाद्यांचा : मुलाखतीत हेच प्रश्न विचारतात, पाठांतराने नोकरी मिळत असेल तर तुमचे काय जाते? आमचे म्हणणे असे की मुलाखतीत तिसरा प्रश्न पाठांतराबाहेरचा येतो, आणि तेथेच शहरी इंग्रजी शाळेतला मुलगा पुढे जातो. पाठ केलेली पहिली दोन उत्तरे सर्वांचीच सारखी असल्याने त्यांनी निवड होत नाही. उच्चारांविषयीही हेच. आमच्या विद्यार्थ्याला उद्या ज्यांच्याशी इंग्रजी बोलावयाचे आहे, त्यांतील बहुतेक जण तमिळ, बंगाली, कन्नड भाषक असतील. त्यांना समजेल असे स्वच्छ बोलणे आवश्यक आहे; लंडनच्या वा अमेरिकेच्या नकलेवर तास खर्च करणे अनाठायी आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच गोटातून येईल : मराठीची दैना झालेली असताना तुम्ही इंग्रजी संभाषणाची काळजी का वाहता? २००० साली राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हापासून हा सूर अधिक तीव्र झाला. तो लावणाऱ्या अनेकांची मुले कोणत्या माध्यमात शिकतात, हा प्रश्न आम्ही सभ्यतेखातर विचारीत नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला, तो ज्यांच्यासाठी केला त्यांची नातवंडे-पणतवंडे आज आमच्या वर्गांत बसलेली आहेत. त्यांना इंग्रजीपासून परावृत्त करण्याचा नैतिक अधिकार कोणासही नाही. मराठीचा खरा अपमान होतो तो, बोलण्याच्या सगळ्या कला अंगी असलेल्या मराठी मुलाला 'तुला बोलता येत नाही' असे सांगितले जाते तेव्हा.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आहेत. संभाषणाची लेखी परीक्षा बंद करावी. या विषयाच्या तुकड्या पंचवीसच्या वर नसाव्यात. ते परवडत नसेल तर त्या अभ्यासक्रमाला संभाषणाचे नाव देऊ नये. गुणपत्रकात ऐकण्यासाठी, प्रतिप्रश्नासाठी आणि मत बदलण्यासाठी रकाने असावेत. मराठी आणि इंग्रजी विभागांनी आठवड्यातून एक तास एकत्र घ्यावा : एकच वाद आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि शेवटी दोहोंत काय बदलले याची चर्चा. विषय विद्यार्थ्यांनी ठरवावेत.

'पिग्मॅलियन'च्या शेवटच्या अंकात एलायझा कर्नल पिकरिंगचे आभार मानते. तो पहिल्याच दिवशी आपल्याला 'मिस डूलिटल' म्हणाला, तेव्हा आपले खरे शिक्षण सुरू झाले, असे ती सांगते. उच्चार हिगिन्सने दिले. आपण बोलण्याजोग्या आहोत हा विश्वास पिकरिंगने दिला. त्यानंतरच ती हिगिन्सशी कडाडून भांडते, आणि तेच तिचे त्या नाटकातील पहिले खरेखुरे संभाषण आहे. आमच्या महाविद्यालयांत हिगिन्सांची भरती जोरात आहे. विद्यार्थी आपल्याशी इंग्रजीत भांडेल, हे ज्यांना चालेल असे अध्यापक किती आहेत, याची मोजणी मात्र अद्याप कोणत्याही मूल्यांकन समितीने केलेली नाही.